पहिली दोरी

पिटकेर्न वकिलांनी न्याहारीच्या टेबलावर पत्ते मांडावेत तशी आठ कार्डं मांडली आणि पहिलं आर्चीच्या बशीपाशी सरकवलं. काळ्या किनारीचं जाड कार्ड. त्यावर शवपेटीची लांबट आकृती, तिच्या कडेनं आठ आकडे आणि डोक्याकडच्या एकावर लाल शाईची फुली. खाली टंकलेलं होतं: दोरी क्रमांक १, माननीय आर्चिबाल्ड मॉन्कर.

"दोन नंबर पायाकडचा, तो लॅकलनला," पिटकेर्न म्हणाले. "बाकीची सहा मी स्मशानाच्या फाटकापाशी वाटतो. बाराला घरात प्रार्थना, एकला निघायचं. पेटी खड्ड्यात सोडायची दोरी उघड्या हातांनी धरा, हातमोज्यांतून घसरते."

"हे 'माननीय' चहाच्या वेळेपर्यंतच," आर्चीची बायको ग्रिझेल त्याच्या खांद्यावरून वाचत म्हणाली.

कोणी हसलं नाही, पण ती काही चुकीचं बोलली नव्हती. स्कॉटलंडमधल्या ड्रमॉरीत रीत होती. जुन्या अर्लवर, म्हणजे पदवी असलेल्या सरदारावर, माती पडेपर्यंत नव्याला त्या नावानं हाक मारायची नाही. आर्चीचा थोरला भाऊ, जुना अर्ल रॉडरिक, मंगळवारी पहाटे गेला, त्याला आज चौथा दिवस. या चार दिवसांत पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळे आर्चीला 'मिस्टर आर्चिबाल्ड' म्हणत होते, पण म्हणण्याआधी किंचित थांबत होते. रॉडरिकला मुलगा नव्हता. एफी ही एकुलती एक मुलगी. पंधराव्या अर्लनंतर सोळावा आर्ची आणि आर्चीनंतर त्याचा मुलगा लॅकलन, हे तीस वर्षं सगळा परगणा धरून चालला होता.

आर्चीनं कार्ड उचललं नाही. बुधवारी दुपारपासून त्याला एक गोष्ट माहीत होती. ती या टेबलावर आणखी कोणालाच माहीत नव्हती. त्या लाल फुलीकडे पाहताना त्याच्या लक्षात आलं की सांगायला आता चार तास उरले आहेत.

"एफी कुठे आहे?" त्यानं विचारलं.

"गोठ्यात," मार्जरीवहिनी म्हणाल्या. त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या, समोरचा चहा निवून गेला होता. "गाय अडली होती म्हणे. बाप दिवाणखान्यात पेटीत, आणि लेक गोठ्यात. मी आपली काही बोलत नाही."

"आजचा दिवस कोणता ते गायीला कोण सांगणार, काकू," लॅकलन म्हणाला.

तेवढ्यात एफी आलीच. काळ्या कपड्यांवर बापाचा जुना मेणकापडी कोट, बाह्या कोपरापर्यंत वर, घासून लाल झालेले हात. तेहतीस वर्षांची, बापासारखीच रुंद खांद्यांची. ड्रमॉरीच्या आयरशायर गायींचा सगळा कारभार दहा वर्षं तिच्याकडे होता. तिनं लापशी वाढून घेतली, वर मीठ टाकलं आणि उभ्यानंच पहिला घास घेतला.

"कालवड झाली. दोघी ठीक आहेत."

"अभिनंदन," लॅकलन म्हणाला. "ड्रमॉरीत मुलगी झाली आणि सगळ्यांना आनंद झाला, असं पहिल्यांदाच होतंय."

एफी हसली. मार्जरीवहिनींनी कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. आर्चीनं ते पाहिलं. मग तो उठला आणि मुलाला म्हणाला, "माझ्याबरोबर वर चल. एक वस्तू खाली आणायची आहे, मला एकट्याला पेलणार नाही. आणि ग्रिझेल, या सगळ्या बशा हलव इथून. लोणीसुद्धा."

बुधवारी त्याला बुरुजातल्या खोलीत ग्रिझेलनंच पाठवलं होतं. जूनमध्ये राणीचा राज्याभिषेक होता. त्याच्या आमंत्रणासाठी लंडनच्या कचेरीकडून आलेल्या कागदात, पदवी कोणत्या साली आणि कोणत्या अटींवर दिली गेली, ते भरायचं होतं. साल सगळ्यांना पाठ होतं, १४५८. अटही पाठ होती, पुरुष वारसांना. छापील वंशग्रंथात तसंच लिहिलेलं होतं. पण आर्ची चोख माणूस. ग्रंथावरून उतरवण्यापेक्षा मूळ सनदेवरून उतरवावं, म्हणून त्यानं तीन कुलुपांची लोखंडी पेटी उघडली. जुनी लॅटिन लिखावट वाचता येणारा घरात तो एकटाच. १४५८ची कातड्यावर लिहिलेली सनद वरच होती. तिच्याखाली घडी घातलेलं दुसरं कातडं होतं.

ते आता त्यांनी टेबलावर उलगडलं. चारी कोपऱ्यांवर मिठाची भांडी आणि चांदीचे चमचे ठेवावे लागले. कातडं टेबलाच्या रुंदीचं होतं. ओळी विटकरी पडल्या होत्या, पण एकही अक्षर पुसलेलं नव्हतं. खालून विणलेल्या रेशमी दोऱ्यानं मेणाची मोहोर लोंबत होती, बशीएवढी, मधाच्या रंगाची. तिच्यावर घोड्यावर बसलेला राजा होता आणि घोड्याचा पुढचा एक पाय तुटलेला होता.

 लॅकलननं सवयीनं सिगरेट काढली होती, ती परत डबीत ठेवली.

"सोळाशे एकसष्ट," आर्ची म्हणाला. "आठवा अर्ल. त्याला चार मुलगे होते. दोघं डनबारच्या लढाईत पडले, दोघं वर्षभरानं वूस्टरच्या. उरली एक मुलगी, जीन. पदवी पुरुषाला जायची, म्हणजे तो मेला की संपली. तर म्हातारा काय करतो, राजाच्या प्रतिनिधीसमोर गुडघ्यावर बसतो आणि हातातली काठी त्याच्या हातात देतो. म्हणजे पदवी परत. अर्लपण परत. मग ते सगळं नव्यानं मागून घेतो, नव्या अटीवर. पिटकेर्न, जितका वेळ ती काठी त्या माणसाच्या हातात होती, तितका वेळ जगात ड्रमॉरीचा अर्ल नव्हता. मी बुधवारपासून त्याच क्षणाचा विचार करतोय. त्याच्याआधी दोनशे वर्षांचे अर्ल, त्यांच्याआधी राजालाही न जुमानणारे इथले सरदार, आणि हा माणूस ते सगळं एका काठीच्या टोकाला लावून दुसऱ्याच्या हातात देतो. दिली नसती परत, तर?"

"पण दिली," पिटकेर्न म्हणाले. ते खुर्चीच्या कडेवर आले होते. "कोणत्या अटीवर, साहेब?"

आर्चीनं बोट कातड्याला न लावता ओळीवरून फिरवलं आणि एकेक शब्द लावत वाचलं. "त्याच्या शरीरापासून होणाऱ्या मुलाला. तो नसेल तर त्याची मुलगी जीन हिला. आणि यापुढे सर्वकाळ, ज्या कोणा अर्लच्या पोटी मुलगा नसेल, त्याच्या थोरल्या मुलीला, बहिणींत वाटण्या न पाडता. भाऊबंदांच्या आधी."

 दिवाणखान्यातून ताज्या लाकडाचा वास येत होता. एफीनं लापशीची वाटी हातातच धरली होती.

"परत वाचा," पिटकेर्न म्हणाले. आर्चीनं परत वाचलं. मग वकिलांनी चष्मा पुसला, स्वतः वाकून पाहिलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"वंशग्रंथाला माहिती माझ्या आजोबांनी पाठवली होती," शेवटी ते म्हणाले. "त्यांनी पहिलंच कातडं पाहिलं असणार."

"आणि नंतर कोणीच पाहिलं नाही?" ग्रिझेलचा आवाज अगदी शांत होता. "तीनशे वर्षं?"

"वेळच आली नाही, बाईसाहेब. म्हाताऱ्यानं पुन्हा लग्न केलं आणि त्याला मुलगा झाला. तेव्हापासून दर अर्लला मुलगा आहे. १७१६ला राजद्रोहाबद्दल पदवी काढून घेतली, तिथून एकशे दहा वर्षं वारस साधे मिस्टर म्हणून जगले. तेव्हाही मुलगे होतेच. घरात मुलगा असला की सनद कोणी उघडत नाही."

"त्या जीनचं काय झालं?" एफीनं विचारलं.

"भाऊ झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती," आर्ची म्हणाला. "लग्न केलं नाही. इथेच राहिली. स्मशानात उत्तरेच्या भिंतीशी आहे ती. दगडावर 'अर्लची मुलगी' एवढंच आहे."

एफीनं वाटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि कोटाला हात पुसले. "काका, हे बघा. मला गायी कळतात. लंडनला जाऊन मखमल नेसून बसणं मला जमायचं नाही. ते कातडं घडी घालून पेटीत ठेवा. पाहिजे तर मी कागदावर लिहून देते. तुम्ही घ्या आणि तुमच्यानंतर याला द्या."

"मला चालेल," लॅकलन म्हणाला. "मला मखमल शोभते."

"ते देता येत नाही," आर्ची म्हणाला.

"का नाही? म्हाताऱ्यानं दिली की परत."

"तेव्हा सोय होती," पिटकेर्न म्हणाले. "१७०७ला इंग्लंड आणि स्कॉटलंड ही दोन्ही राज्यं एक झाली आणि ती सोय गेली. आता पदवी परत करता येत नाही, विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही. नाकारताही येत नाही. हे खरं ठरलं, तर तुम्ही काय म्हणता याला काही अर्थच नाही, एफीबाई... लेडी यूफीमिया. एडिंबराच्या नोंदवहीत ताडून पाहावं लागेल, महिने लागतील. पण ही मोहोर मला खोटी दिसत नाही."

"म्हणजे आज काही ठरत नाही," ग्रिझेल म्हणाली. "नोंदवही येऊ दे. तोवर जे चाललंय ते चालू दे. जाऊबाई, तुम्हाला काय वाटतं?"

मार्जरीवहिनींनी मान डोलावली. "मला आज तमाशा नको आहे. बायका स्मशानात जात नाहीत. आर्ची पहिली दोरी धरील. रॉडरिकलाही तेच वाटलं असतं."

दोन जावा एका बाजूला आहेत, असं या घरात क्वचितच घडलं होतं. आर्चीला त्या दोघींपुढे क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच त्याला भीती वाटली.

"बुधवारी संध्याकाळी," ग्रिझेल त्याच्याकडे वळली, "मी तुझ्या राज्याभिषेकाच्या झग्याच्या तिसऱ्या पट्टीला टाके घालत होते. तू समोर बसून बघत होतास. तेव्हा तुला हे माहीत होतं."

"होतं."

"आणि बोलला नाहीस."

"तोवर मी ठरवलं नव्हतं."

"मग आज का? एक दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं?"

आर्चीनं कार्डाकडे पाहिलं. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात बायकोला सगळं सांगायची वेळ त्याच्यावर फारशी आली नव्हती.

"गुरुवारी मी कागदावर सही करून पाहिली," तो म्हणाला. "अर्ल सही करतो तशी. नाव नाही, आडनाव नाही, नुसतं 'ड्रमॉरी'. रॉडरिक अजून घरात होता. चार वेळा केली. चौथी चांगली आली. मग जाळून टाकले ते कागद. ग्रिझेल, आज दुपारी मी डोक्याकडची दोरी धरली की माती पडल्यावर दोनशे माणसं टोप्या काढून मला त्या नावानं हाक मारतील. एकदा ती हाक कानावर पडली की मी नोंदवही मागवणार नाही. मी मला ओळखतो. मी त्या पेटीला चौथं कुलूप लावीन."

 ग्रिझेलनं टेबलाच्या कडेवरचा एक पावाचा कण बोटानं टिपला.

"आणि दुसरं," तो म्हणाला, "पदवी माती पडल्यावर जात नाही. ती आपली रीत झाली. खरी ती श्वास थांबल्याबरोबर जाते, मधे क्षणाची फट नसते. एफी, मंगळवारी सकाळी तू दूध काढत होतीस तेव्हाही ती तुझ्याकडेच होती. चार दिवस तू गोठा धुते आहेस आणि ड्रमॉरीचा पाचशे वर्षांचा मान तुझ्या अंगावर आहे. तुला कळलं नाही, मला कळलं नाही, राणीला नाही. तरी तो जिथे जायचा तिथे गेला. हे मला कळलं ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आपण घरात भांडतोय कोणाला द्यायचं म्हणून. आपल्याला कोणी विचारलेलंच नाही."

एफी खाली बसली. पहिल्यांदाच. तिनं आपल्या हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते.

तेव्हा मार्जरीवहिनी बोलल्या. आवाज मघाचा नव्हता.

"पिटकेर्न, माझं तिसरं बाळ गेलं तेव्हा तुमचे वडील आले होते. आठवतं? तुम्ही बॅग धरून दाराशी उभे होतात. या खोलीत त्यांनी रॉडरिकला सांगितलं, आता शाखा बदलणार, मिस्टर आर्चिबाल्डना कळवायला हवं. मी पलीकडे पलंगावर होते. दार उघडं होतं. त्यानंतर कोणी मला वाईट वागवलं नाही. सगळे फार चांगले वागले. सासूबाई तर माझ्यापुढे बाळांची नावंसुद्धा घेत नसत. तीस वर्षं मी या टेबलाच्या टोकाला बसून माणसांच्या डोळ्यांतली कीव बघितली. बिचारी, हिला एक मुलगीच." त्या थांबल्या. "आणि ते कातडं वर होतं."

"होतं, बाईसाहेब," पिटकेर्न म्हणाले.

"माझ्या डोक्यावर दोन मजले."

 मार्जरीवहिनी उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि कातड्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांना त्यातलं अक्षर लागत नव्हतं. "जीनचं नाव कुठे आहे?" त्यांनी आर्चीला विचारलं. त्यानं दाखवलं. त्या वाकून त्या पाच-सहा खुणांकडे पाहत राहिल्या.

"एफी," मान वर न करता त्या म्हणाल्या, "तो कोट काढ. माझी काळी टोपी पलंगावर आहे, ती घाल. आणि हातमोजे नकोत, ऐकलंस ना काय म्हणाले ते."

"आई, बायका जात नाहीत."

"डोक्याकडची दोरी वारसाची. एवढीच रीत मला माहीत आहे."

पिटकेर्न खाकरले. "पाद्रीसाहेब काय म्हणतील..."

"ते बाराला येतील," मार्जरीवहिनी म्हणाल्या, "तेव्हा म्हणतील."

आर्चीनं खिशातून पेन काढलं. कार्डावरचं आपलं नाव त्यानं एका सरळ रेघेनं खोडलं आणि वर लिहिलं, लेडी यूफीमिया मॉन्कर.  मग दोन नंबरच्या कार्डावर स्वतःचं नाव लिहून तीन नंबर मुलाकडे सरकवला.

"न्याहारी संपायच्या आत एक घर खाली," लॅकलन कार्ड उचलत म्हणाला. मग एफीकडे पाहून अर्धवट वाकला. "वर्षानुवर्षं तुला चिडवायचो, गोठ्यातली महाराणी. तुझ्या बाबांनी ऐकून ठेवलं असणार."

"उठ, मूर्खा," एफी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

ग्रिझेल अजून टेबलाच्या कडेशीच होती. सगळे जायला लागले तेव्हा ती म्हणाली, "तो झगा पुरुषाचा आहे. बायकांचा वेगळा बेतावा लागतो, पुढून उघडा. मखमल पुरेल. अर्लच्या मानाच्या पट्ट्या तीनच, त्या बदलत नाहीत." थोडं थांबून तिनं जोडलं, "पट्ट्यांना सशाची कातडी तीच चालतील. खरं एर्मिनचं महागडं कातडं कोणाकडे आहे आता."

आर्चीला तिचा हात धरावासा वाटला. तिनं तो धरू दिला नाही. पण ती निघूनही गेली नाही.

एक वाजता पेटी बाहेर निघाली. जमीन कसणाऱ्या कुळांतल्या आठ माणसांनी ती खांद्यावर घेतली आणि टेकडीची वाट धरली. दर शंभर पावलांनी नवे आठ पुढे येत. बॅगपाईप वाजवणारा पुढे, त्याच्यामागे पाद्री, मग पेटी, आणि पेटीच्या लगेच मागे एफी. आजवर या वाटेवर अंत्ययात्रेत बाई चालली नव्हती. दुतर्फा उभ्या माणसांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागून येणाऱ्या आर्चीकडे. काही चूक झाली असेल तर तो सांगेल, अशी ती नजर होती. आर्ची समोर पाहत चालत राहिला. समुद्रावरून वारा येत होता आणि टेकडीभर पिवळी काटेरी झुडपं फुललेली होती.

खड्ड्यापाशी पिटकेर्ननी आकड्यांप्रमाणे माणसं उभी केली. एफी डोक्याकडे. आर्ची बरोबर समोर, पायाकडे. दोघांच्या मधे रॉडरिक. आर्चीनं तीस वर्षं स्वतःला त्या टोकाला उभं पाहिलं होतं. या टोकावरून तिथलं सगळं दिसतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिच्या मागे ओळीनं सगळे दगड दिसत होते. जवळचे ताठ, त्यांच्यामागचे कललेले, आणि त्यांच्याही मागे नुसतेच गवतातले उंचवटे, ज्यांच्यावर कधी नाव होतं की नाही हेही आता कोणी सांगू शकलं नसतं.

डोक्याकडचा माणूस मान हलवील तेव्हा दोरी सोडायची. एफीनं दोरी मनगटाला एक वेढा देऊन धरली, वासराच्या पायाला बांधलेली धरतात तशी. वजन तिच्या हातात आलं तसे तिचे खांदे खाली गेले, मग स्थिर झाले. ती बापाच्या नावाच्या पट्टीकडे पाहत होती. पाद्री थांबले. पाईप थांबला. ती घाई करत नव्हती. सात माणसं सात दोऱ्यांवर वाकून तिची वाट पाहत होती आणि त्यांच्यातला एक आर्ची होता.

तिनं मान हलवली. पेटी सरळ खाली गेली, एकदाही कलली नाही.

मग माती. पहिल्या तीन फावड्यांचा आवाज लाकडावर झाला, नंतरच्यांचा झाला नाही. माणसं उभीच होती. टोप्या हातात घेऊन, कोणाला काय म्हणायचं ते न कळून, दोनशे माणसं आर्चीकडे पाहत होती. पहिली हाक जवळच्या नातलगानं द्यायची असते.

आर्ची खड्ड्याला वळसा घालून तिच्यापाशी आला. त्यानं टोपी काढली. त्याचा आवाज भिंतीपर्यंत पोचला.

"लेडी ड्रमॉरी."

एफीनं झटकन मागे वळून पाहिलं. आजवर ते नाव आईचं होतं; आई आली, असं तिला वाटलं. मागे कोणी नव्हतं. नुसते दगड होते, टेकडीच्या उतारानं वर गेलेले. तिनं ते एकेक करून पाहिले, अगदी शेवटच्या उंचवट्यापर्यंत, आणि मग सावकाश त्याच्याकडे तोंड केलं.